वीज सोडून सारे काही

औष्णिक वीज केंद्र पाहायला निघालेल्यांची पहिली परीक्षा कपड्यांवर होते. ओढणी, सैल पदर, गळ्यातला स्टोल, सँडल, चप्पल, कशालाच आत प्रवेश नाही. मोबाइल आणि काडेपेटी गेटवर जमा करायची, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आवळायचा आणि सुरक्षा अधिकाऱ्याचे व्याख्यान निमूट ऐकायचे. सायरन वाजला तर कुठे जमायचे, कुठल्या पाइपाला हात लावायचा नाही, उंचावर फडफडणारी ती कापडी नळी कशासाठी आहे, वगैरे. ती नळी वाऱ्याची दिशा दाखवते. पाण्यावर प्रक्रिया करायला केंद्रात क्लोरिन वापरतात. तो गळलाच तर वाऱ्यासोबत पळायचे नाही, वाऱ्याला आडवे पळायचे. सगळ्या व्याख्यानातली एवढी एक गोष्ट मात्र पोरे कान देऊन ऐकतात.

आपल्याकडे अशी भेट बहुतेक वेळा अभियांत्रिकीच्या आणि आयटीआयच्या विद्यार्थ्यांच्याच वाट्याला येते. तिचे नाव इंडस्ट्रियल व्हिजिट. कॉलेजच्या लेटरहेडवर मुख्य अभियंत्यांच्या नावे अर्ज, मुलामुलींची यादी, ओळखपत्रांच्या प्रती आणि मग परवानगीची वाट. अमेरिकेतल्या हूवर धरणाचे वीजगृह १९३७ पासून पर्यटकांना हिंडवून दाखवतात. आइसलँडमध्ये हेलिशेइदीच्या भूऔष्णिक केंद्रात पाहुण्यांसाठी कायमचे प्रदर्शन आहे. आपल्याकडे सुरक्षेचे कारण पुढे येते आणि ते खोटे नाही. तरीही ज्याचे बिल दर महिन्याला घरात येते ते ठिकाण माणसाने जन्मात एकदाही पाहू नये, हे काही पटत नाही.

पाहायचे तर चंद्रपूर पाहावे. महानिर्मितीचे हे सर्वांत मोठे औष्णिक केंद्र. इथला पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला. तो आणि त्याच्या पाठोपाठचा दुसरा, असे दोन्ही आता निवृत्त झाले आहेत. २१० मेगावॅटचे दोन आणि ५०० मेगावॅटचे पाच मिळून आज २,९२० मेगावॅटची क्षमता उरते. कोळसा जवळच्या वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या) खाणींमधून येतो, पाणी इरई धरणातून. केंद्र इथे का बांधले, याचे उत्तर या दोन गोष्टींत आहे. मुंबई-पुण्याला कोळसा वाहून नेण्यापेक्षा वीज तारेतून नेणे परवडते. चंद्रपूरहून भिवंडीजवळच्या पडघ्यापर्यंत सुमारे ७५० किलोमीटरची, एकदिश प्रवाहाची ५०० किलोव्होल्टची वाहिनी त्यासाठीच टाकलेली आहे.

आत शिरण्यापूर्वी एक हिशेब मनात धरावा. घरच्या बिलातले एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, हे शाळेत शिकवतात. हजार वॅटची इस्त्री तासभर चालवली की एक युनिट झाले. पण ते एक युनिट कोळशापासून करायचे तर भारतीय कोळसा साधारण ७०० ग्रॅम लागतो. पाणी तीन-साडेतीन लिटर लागते. पाव किलोच्या आसपास राख उरते. आणि चिमणीतून जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. ७०० ग्रॅम कोळशातून किलोभर वायू निघतो कसा, असा प्रश्न कुणीतरी हमखास विचारतो. कोळशातल्या कार्बनच्या प्रत्येक अणूला हवेतले ऑक्सिजनचे दोन अणू चिकटतात. १२ ग्रॅम कार्बन ३२ ग्रॅम ऑक्सिजन घेऊन ४४ ग्रॅमचा होतो, म्हणून वजन वाढते. केंद्रात जे जे दिसते ते या चार आकड्यांपैकी कुठल्यातरी आकड्याचे प्रत्यक्ष रूप असते.

सुरुवात कोळशापासून. इथे पाहुण्यांना आवडते ती वॅगन टिपलरची जागा. मालगाडीची एक वाघीण यंत्राच्या जबड्यात आणून उभी करतात, तिला वरून-खालून घट्ट पकडतात आणि साठेक टन कोळशासकट ती अख्खी वाघीण कुशीवर वळत जवळजवळ उलटी होते. काही सेकंदांत सगळा कोळसा खालच्या खड्ड्यात. धुरळा दाबायला पाण्याचे फवारे उडत असतात, तरी हेल्मेटवर काळा थर बसतोच. रिकामी वाघीण सरळ होऊन पुढे ढकलली जाते आणि तिच्या जागी दुसरी येते. अशा ५८-५९ वाघिणींची एक गाडी. ५०० मेगावॅटचा एक संच पूर्ण भाराने चालला तर तासाला सुमारे ३५० टन कोळसा खातो, म्हणजे दिवसाला अशा दोन गाड्या भरून वर थोडा. चंद्रपूरचे सातही संच एकाच वेळी पूर्ण भारावर आले तर दिवसाची भूक ५० हजार टनांच्या घरात जाते.

पण आपला कोळसा म्हणजे नुसता कोळसा नसतो. त्यात दगड असतो, माती असते, खाणीतले लोखंडाचे तुकडे, खिळे, क्वचित यंत्राचा दातासुद्धा असतो. म्हणून पट्ट्यावरून जाताना वर चुंबक बसवलेले असतात आणि वाटेत क्रशर येतो, तो ढेकळे फोडून वीस मिलिमीटरच्या आत आणतो. उन्हाळ्यात साठ्याच्या ढिगाला आपोआप आग लागते. कोळसा हवेतला ऑक्सिजन हळूहळू शोषत राहतो, आतल्या आत तापतो आणि एके दिवशी धुमसू लागतो. त्यावर उपाय म्हणून ढिगावर बुलडोझर फिरवून तो दाबून ठेवतात, म्हणजे आत हवा कमी शिरते, आणि वरून पाणी मारतात. पावसाळ्यात नेमके उलटे दुखणे. ओला कोळसा चिखलासारखा घसरणीच्या तोंडाशी चिकटून बसतो आणि खाली उतरत नाही. मग माणसे सळया घेऊन तो मोकळा करत बसतात. जुलैमध्ये विदर्भातल्या वर्तमानपत्रांत ‘ओल्या कोळशामुळे वीजनिर्मितीला फटका’ अशा अर्थाच्या बातम्या येतात, त्यामागे ही झटापट असते.

पट्ट्यावरून कोळसा बंकरमध्ये, बंकरमधून मिलमध्ये. मिलच्या आत फिरत्या थाळीवर जड रोलर कोळसा चिरडतात आणि खालून येणारी गरम हवा त्याला वाळवत वाळवत उडवून नेते. बाहेर पडते ती पूड मैद्यासारखी बारीक असते. सत्तर टक्के कण ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून पार व्हावेत असा दंडक आहे. इतके दळण कशासाठी? कोळशाचा खडा जळायला मिनिटे घेतो. पूड हवेत उडत असतानाच सेकंद-दोन सेकंदांत जळून जाते. भट्टीत तिला तेवढाच वेळ मिळतो.

यानंतर येतो बॉयलर. सगळ्या भेटीत सर्वांत जास्त वेळ द्यावा अशी जागा हीच, आणि नेमके इथेच उकाडा आणि आवाजामुळे पाहुण्यांचा पाय निघू लागतो. ५०० मेगावॅटच्या बॉयलरची इमारत ८०-९० मीटर उंच. लोकांना वाटते एवढे मोठे धूड जमिनीवर भक्कम पायावर उभे असेल. तसे नसते. ते वरून टांगलेले असते. चारही बाजूंनी पोलादी खांब, त्यांच्या माथ्यावर प्रचंड तुळया, आणि त्या तुळयांना जाडजूड सळयांनी लटकवलेला अख्खा बॉयलर: भट्टीच्या भिंती झालेल्या नळ्या, त्यांतले पाणी, वरचा ड्रम, सगळे. कारण साधे आहे. थंड बॉयलर पेटवला की लोखंड तापते आणि वाढते. एवढ्या उंचीवर ही वाढ वीतभर भरते. खाली पक्का रोवला असता तर तो वर चढता चढता आपल्याच जोडण्या तोडून बसला असता. टांगल्यामुळे तो निवांत खाली वाढतो.

मग प्रश्न येतो तळाचा. भट्टीचे बूड वीतभर खाली-वर होणार असेल तर खालच्या राखेच्या हौदाशी त्याचा सांधा जुळवायचा कसा? उत्तर पाहायला अभियंता पाहुण्यांना अगदी खालच्या मजल्यावर, जिथे पायाखाली पाणी ओघळत असते आणि वरून गरम वाफारा येतो, तिथे नेतो. भट्टीच्या कडेने एक पाण्याचा चर फिरवलेला असतो आणि भट्टीची पोलादी किनार त्या पाण्यात बुडलेली असते. बॉयलर खाली आला की किनार थोडी जास्त बुडते, थंड होऊन वर गेला की थोडी कमी. कुठेही फट पडत नाही, बाहेरची हवा आत शिरत नाही. कोट्यवधी रुपयांच्या यंत्राचा इतका महत्त्वाचा सांधा केवळ पाण्याने सांभाळलेला आहे. केंद्रातल्या डिजिटल पडद्यांपेक्षा हा चर जास्त वेळ बघत राहावा असा आहे.

भट्टीच्या भिंतीत ठिकठिकाणी हातभर अंतरावरून डोकावता येईल अशी झरोक्यांची दारे असतात. अभियंता निळी काच हातात देतो आणि एक दार उघडतो. पाहुणे एक पाऊल मागे सरतात, ज्वाळा अंगावर येईल म्हणून. येत नाही. भट्टीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी ठेवलेला असतो, म्हणून झरोका उघडला की हवा बाहेरून आत ओढली जाते. निळ्या काचेतून आत पाहिले की लाल-पिवळ्या ज्वाळा दिसत नाहीत, पांढराशुभ्र भोवरा दिसतो. पुष्कळशा मोठ्या बॉयलरांत कोळशाची पूड चारही कोपऱ्यांतून किंचित तिरकी फुंकतात, त्यामुळे मध्यभागी आगीचा गोळा स्वतःभोवती फिरत राहतो. तापमान १,३०० अंशांच्या वर. भिंतीच्या नळ्या एवढ्या उष्णतेत वितळत नाहीत, कारण त्यांच्या आतून पाणी सतत वाहत असते. पाणी थांबले तर नळी फुटते. ‘ट्यूब लीकेज’ हे दोन शब्द औष्णिक केंद्रातल्या माणसाची झोप उडवतात. संच बंद करून, भट्टी थंड होऊ देऊन, आत माणूस उतरवून ती नळी जोडेपर्यंत दिवस-दोन दिवस सहज जातात.

ते पाणीही साधे नसते. इरईचे पाणी गाळून, क्षार काढून इतके शुद्ध करतात की त्यात वीज जवळजवळ वाहत नाही. पिण्याच्या पाण्यातला नगण्य वाटणारा सिलिकासुद्धा वाफेबरोबर जाऊन टर्बाइनच्या पात्यांवर काचेसारखा बसतो. म्हणून तो अब्जांश भागांत मोजावा लागतो.

आतून बाहेर पडणारी वाफ ५४० अंशांवर आणि १७० पट वातावरणीय दाबावर असते. ती दिसत नाही. चहाच्या भांड्यावर दिसतो तो पांढरा ढग म्हणजे थंड होऊन बनलेले पाण्याचे थेंब. खरी तापलेली वाफ हवेइतकीच पारदर्शक असते आणि बारीक भोकातून निसटली तर तिचा झोत डोळ्यांना न दिसता माणसाला कापून काढू शकतो. जुन्या काळी अशी गळती शोधायला झाडूचा दांडा पुढे धरून चालत. म्हणूनच बॉयलरच्या मजल्यावर पाहुण्यांना पिवळ्या पट्ट्याबाहेर पाय ठेवू देत नाहीत. इथे पाइपांचे रंग लक्षात ठेवले तर नकाशाशिवायही बरेच उमगते. समुद्री हिरवा म्हणजे पाणी, चंदेरी म्हणजे वाफ, आकाशी म्हणजे हवा, फिकट तपकिरी म्हणजे तेल, लाल म्हणजे आग विझवण्याची व्यवस्था.

टर्बाइन हॉल मात्र अगदी वेगळा. स्वच्छ फरशी, उंच छत, डोक्यावर क्रेन आणि एका सुरात चाललेला असा घुमारा की शेजारच्याशी बोलायचे तर कानाशी लागावे लागते. वाफ आधी उच्च दाबाच्या टर्बाइनमध्ये जाते. तिथून थकून बाहेर पडली की पुन्हा बॉयलरमध्ये जाऊन तापून येते, मग मध्यम दाबाच्या आणि शेवटी कमी दाबाच्या टर्बाइनमध्ये. सगळे एकाच लांब दांड्यावर, मिनिटाला ३,००० फेरे. शेवटच्या ओळीतल्या लांब पात्यांची टोके ध्वनीपेक्षा जास्त वेगाने फिरत असतात. आणि हा सगळा डोलारा किती थरथरतो, ते मायक्रॉनमध्ये मोजतात.

टर्बाइन बंद केल्यावरचा प्रकार मात्र बहुतेक पाहुण्यांना कुणी सांगत नाही. संच थांबवला तरी दांडा थांबवत नाहीत. गरम दांडा स्थिर ठेवला तर वरचा भाग खालच्यापेक्षा जास्त गरम राहतो आणि टनावारी वजनाचा तो पोलादी दांडा किंचित वाकतो. पाती आणि कवच यांच्यामध्ये मोजके मिलिमीटर असतात, त्यात एवढा बाकही चालत नाही. म्हणून एका वेगळ्या यंत्रणेने तो दांडा संथ फिरवत ठेवतात, पूर्ण थंड होईपर्यंत, दिवस न् रात्र. वीज तयार होत नसते, पण कुणीतरी राखणीला बसलेले असते.

याच दांड्याच्या शेवटाला जनित्र. वीज नेमकी कुठे तयार होते, याचे उत्तर इथे आहे आणि नेमके इथेच पाहायला काही नाही. जाड पोलादी कवच, वर पाटी, बाजूला दाबमापक. आत दांड्यावरचे विद्युतचुंबक फिरते आणि भोवतालच्या तांब्याच्या पट्ट्यांत २१ हजार व्होल्टची वीज निर्माण होते. कवचात हवा नसते, हायड्रोजन भरलेला असतो. तो हवेपेक्षा कितीतरी हलका, म्हणून फिरणाऱ्या भागाला घर्षण कमी, आणि उष्णता वाहून नेण्यात हवेच्या सुमारे सातपट सरस. अर्थात हवेत मिसळला तर तो स्फोटक, त्यामुळे दांडा कवचातून बाहेर येतो तिथे दाबाखालच्या तेलाने सांधा बंद ठेवतात. गेटवर काडेपेटी का काढून घेतली, ते इथे समजते.

सगळ्यात मोठा गैरसमज बाहेरच्या आवारात उभा असतो. कंबरेत आत गेलेले ते अवाढव्य कूलिंग टॉवर आणि त्यातून वर चढणारा पांढरा ढग. वर्तमानपत्रांत प्रदूषणाच्या बातमीसोबत हटकून त्यांचेच छायाचित्र छापतात. तो ढग म्हणजे निव्वळ पाण्याचे बारीक थेंब. धूर जातो शेजारच्या उंच, सरळ चिमणीतून. ५०० मेगावॅटच्या संचासाठी ती २७५ मीटरची लागते आणि तिच्या तोंडाशी बहुधा डोळ्यांना फारसे काही दिसत नाही. जे दिसते ते निरुपद्रवी आणि जे मोजायला हवे ते अदृश्य, अशी इथली परिस्थिती. कूलिंग टॉवर आतून पोकळ असतो. तळाशी उभे राहिले तर वरून अखंड पाऊस पडत असतो आणि बाहेरची हवा जाळीतून आत ओढली जाऊन वर निघून जाते. पंखा नाही, मोटर नाही, नुसत्या उंचीच्या ओढीने.

हा सगळा खटाटोप टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ पुन्हा पाणी करण्यासाठी. थंड पाण्याच्या हजारो नळ्यांवर ती वाफ आदळते आणि तिचे पाणी होते. त्या कमी दाबावर किलोभर वाफ सुमारे १५ घनमीटर जागा व्यापत असते आणि पाणी होताच लिटरभर उरते. त्यामुळे आत जवळजवळ निर्वात पोकळी तयार होते आणि ती टर्बाइनमधली वाफ स्वतःकडे ओढते. पण त्यासाठी वाफेतली सगळी उरलेली उष्णता फेकून द्यावी लागते. अशा केंद्रात जळणाऱ्या कोळशातल्या ऊर्जेपैकी ३५ ते ३८ टक्क्यांचीच वीज होते. बाकीतला सर्वांत मोठा वाटा या पांढऱ्या ढगातून आकाशात जातो. यात कुणाचा हलगर्जीपणा नाही. उष्णतेपासून काम करून घ्यायचे तर काही उष्णता सोडावीच लागते, हा निसर्गाचा कायदा आहे आणि त्यात सवलत मिळत नाही.

ढगाबरोबर पाणी मात्र खरोखर खर्च होते. २०१५ च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने जुन्या केंद्रांना युनिटमागे साडेतीन लिटरची मर्यादा घालून दिली, त्यावरून खर्चाची कल्पना येते. मराठवाड्यातल्या परळीचे केंद्र दुष्काळामुळे २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. कोळसा होता, यंत्रे धडधाकट होती, माणसे होती, पण खडक्याच्या बंधाऱ्यात पाणी नव्हते. कोराडीच्या केंद्राने वेगळी वाट काढली. नागपूर शहराचे सांडपाणी शुद्ध करून तिथे वापरतात. मराठवाड्यात औष्णिक केंद्र एकाच बंधाऱ्यावर विसंबून ठेवणे हा नियोजनाचा दोष होता, आणि तो दुष्काळाने उघडा पाडला, असे म्हणायला हरकत नाही.

नियंत्रण कक्षात वातानुकूलन असते, त्यामुळे घामाघूम झालेल्या पाहुण्यांना तिथून हलावेसे वाटत नाही. भिंतीवर मोठ्या अक्षरांत एक आकडा सतत हलत असतो: ४९.९८, ५०.०१, ५०.०३. ही वारंवारता. मिनिटाला ३,००० फेरे म्हणजे सेकंदाला ५०, आणि देशभरातली सगळी मोठी जनित्रे याच लयीत बांधलेली आहेत. दक्षिणेचे ग्रीड २०१३ च्या अखेरीस जोडले गेल्यापासून काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकच लय आहे. विजेचा साठा करून ठेवायची सोय अजून थोडकीच, त्यामुळे या क्षणी देशात जेवढी वीज वापरली जाते तेवढीच या क्षणी तयार व्हावी लागते. वापर वाढला की सगळे दांडे किंचित मंदावतात आणि आकडा खाली येतो. वापर घटला की वर जातो. ४९.९० ते ५०.०५ ही पाळायची चौकट.

५ एप्रिल २०२० च्या रात्री नऊ वाजता देशभर घरातले दिवे नऊ मिनिटांसाठी मालवले गेले, तेव्हा या चौकटीची कसोटी लागली. काही मिनिटांत मागणी सुमारे ३१ हजार मेगावॅटने घसरली आणि तेवढीच पुन्हा उसळली. त्या वेळात वारंवारता ४९.७० ते ५०.२६ यांच्या दरम्यान राहिली आणि ग्रीड टिकले. त्याचे श्रेय मुख्यतः जलविद्युत केंद्रांचे. पाण्याची झडप मिटवली की जनित्राचा भार लगेच उतरतो, उघडली की चढतो. कोळशाच्या संचाला ते जमत नाही. थंड पडलेला संच तेल जाळून पेटवायचा, हळूहळू तापवायचा, पोलाद सगळीकडे सारखे तापू द्यायचे, असे करत पूर्ण भारावर आणायला बराच वेळ लागतो, तो तासांत मोजायचा. म्हणून संध्याकाळच्या चढत्या मागणीला महाराष्ट्रात कोयनेचा आधार. आणि अख्खे ग्रीड कोसळले तर? ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर भारतात तसे झाले. दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्यही अंधारात गेले आणि ६० कोटींहून जास्त लोकांना त्याची झळ बसली. अशा वेळी औष्णिक केंद्राला स्वतःला सुरू व्हायलाच बाहेरून वीज लागते. पंखे, पंप, मिल या सगळ्यांना मिळून ते आपल्याच विजेपैकी सहा ते आठ टक्के खात असते. पुन्हा जीव धरायला त्याला जलविद्युत केंद्राकडून पहिली वीज मिळावी लागते.

नियंत्रण कक्षातला फोन ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्राशी जोडलेला असतो. कुठला संच किती चालवायचा ते तिथून ठरते, आणि ज्याच्या विजेचा दर कमी त्याला आधी मान. हल्ली दुपारी सौरऊर्जेची वीज भरपूर येते, त्यामुळे कोळशाच्या संचांना दुपारी भार ५५ टक्क्यांपर्यंत उतरवून चालावे लागते आणि सूर्य कलला की पुन्हा चढावे लागते. तापणे आणि निवणे दिवसाआड नव्हे, रोजचे झाले आहे. सतत एका भारावर चालायला बांधलेल्या जुन्या नळ्यांना ते मानवत नाही, अशी तक्रार बॉयलर विभागात हमखास ऐकू येते.

आणि उरली राख. चारपंचमांश राख धुराबरोबर उडते. तिला अडवायला चिमणीच्या आधी घरांएवढ्या पेट्या असतात, त्यांत लोखंडी पत्र्यांच्या रांगा आणि मधे तारांना दिलेला हजारो व्होल्टचा दाब. कण भारित होतात, पत्र्याला चिकटतात आणि ठरावीक वेळाने हातोडे पत्र्यावर ठोका मारून त्यांना खाली पाडतात. तो ‘ठण्’ असा आवाज ऐकला की समजावे, ९९ टक्क्यांहून जास्त राख इथे अडते आहे, निदान यंत्रणा नीट चालू असते तेव्हा तरी. पकडलेली कोरडी राख सिमेंटवाले टँकरने नेतात. आपण बाजारात घेतो त्या पोर्टलँड पोझोलाना सिमेंटच्या पिशवीत १५ ते ३५ टक्के हीच राख असते. विटाही बनतात.

जी उचलली जात नाही ती पाण्यात कालवून पाइपातून राखेच्या बंधाऱ्यात सोडतात. बहुतेक भेटी इथवर येत नाहीत. पाहुण्यांना बगीचा दाखवतात, अतिथिगृहात चहा देतात आणि बस निघते. जुलै २०२२ मध्ये कोराडी परिसरातल्या खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि राखेचा चिखल शेतांत आणि ओढ्यांत शिरला. चंद्रपूरचे नाव तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ च्या निर्देशांकात देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक पट्ट्यांच्या यादीत वरच्या क्रमांकांत घातले होते, ८३.८८ गुणांसह. त्यात खाणी आणि इतर कारखान्यांचाही वाटा आहे, सगळा दोष एका चिमणीचा नाही. पण पाव किलो राखेचा हिशेब पाहायचा असेल तर तो बगीच्यात दिसत नाही.

चंद्रपूरला आणखी एक गोष्ट आहे जी दुसऱ्या कुठल्या वीज केंद्रात सहसा ऐकायला मिळणार नाही. ताडोबा जवळ, केंद्राच्या आवारात दाट झाडी, पाणी आणि रानडुकरे, त्यामुळे वाघ आणि बिबटे इथे वस्तीला येतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये आवारातच वाघाच्या हल्ल्यात एका कंत्राटी कामगाराचा जीव गेला. तेव्हापासून झाडझाडोरा तोडणे, दिवे वाढवणे, कामगारांना बसने नेणे अशा उपायांची चर्चा सतत चालू आहे. पाळीवर येणाऱ्या माणसाला बॉयलरच्या दाबाइतकीच बाहेरच्या झुडपाचीही काळजी करावी लागते.

भेट घ्यायची असेल तर दोन गोष्टी अर्जातच लिहाव्यात. एक, कोळसा यार्ड आणि राखेचा बंधारा दाखवावा. मागितले नाही तर ते दाखवत नाहीत. दुसरी, एखाद्या संचाचे मोठे ओव्हरहॉल केव्हा आहे ते विचारून त्या सुमाराची तारीख मागावी. टर्बाइनचे कवच काही वर्षांतून एकदाच उघडतात. तेव्हा एका बाजूला दुसरा संच पूर्ण भारावर घुमत असतो आणि शेजारी उचलून ठेवलेल्या दांड्यावरची पाती हाताच्या अंतरावरून मोजता येतात. पायात बंद बूट, अंगात सुती कपडे, खिशात वही आणि पेन. मोबाइल तर गेटवरच राहणार आहे.